समजले का?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे झालेल्या पालक-शिक्षक मेळाव्यातील व्याख्यान)



ज्या संस्थेच्या अभ्यासिकेत बसून आम्ही दहावीचा अभ्यास केला, आणि ज्या संस्थेच्या निधीतून आमच्या बी. एड्.च्या फीला हातभार लागला, त्याच संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात बोलण्यास उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. त्या काळी आमच्या घरी खोली एक आणि माणसे सात. रात्री नऊपर्यंत अभ्यासिकेतला दिवा आमचा, आणि नवानंतर चौकीदार दार ओढून घेई तेव्हा रस्त्यावरचा दिवा आमचा, अशी व्यवस्था होती. तेव्हा येथे उभे राहून मोठाले बोलणे आम्हांस शोभणार नाही. चिटणीसांनी सुचविलेला विषय होता ‘आदर्श शिक्षक’. तो आम्ही नम्रपणे परत केला, कारण त्यावर बोलण्यास निदान आदर्श शिक्षक तरी हवा. आम्ही मागून घेतलेला विषय साधा आहे: आपण शिकवतो ते मुलाला कळते आहे की नाही, हे शिकवता शिकवताच कसे पाहावे, आणि पाहिल्यावर काय करावे.

या गोष्टीला महाराष्ट्रातील शाळांत ‘आकारिक मूल्यमापन’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘रूपणात्मक’ असा शब्द आहे. आमच्या शिक्षकखोलीत मात्र सर्वजण नुसते ‘एफ. ए.’ म्हणतात. वर्षातून चार एफ. ए. आणि दोन एस. ए.; चार लहान आणि दोन मोठ्या. नाव लहान झाले की वस्तूही लहान होते, तसे येथे झाले आहे. एफ. ए. म्हणजे चार रकाने, आणि रकाने म्हणजे भरावयाची गोष्ट, एवढाच अर्थ पुष्कळांच्या मनात उरला आहे.

मूळ गोष्ट आपल्या घरातल्या प्रत्येक स्त्रीस ठाऊक आहे. भात चुलीवर असताना ती एक शीत बोटांत दाबून पाहते. कणी लागली तर पाण्याचा हबका मारते, झाकण ठेवते, नाहीतर आंच कमी करते. पान वाढल्यावर पाहुणाही तोच भात चाखतो आणि मनात गुण देतो. पण तोवर भाताचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. पाहुण्याची परीक्षा ती वार्षिक परीक्षा. चुलीपुढची परीक्षा ती आज आमच्या बोलण्याचा विषय. शीत तेच, पण चुलीपुढे दाबलेल्या शिताचा भाताला उपयोग होतो, पानातल्या शिताचा होत नाही.

इथवर म्हण आम्हांस साथ देते. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण भातापुरती खरी आहे, कारण पातेल्यातील सर्व शिते एकाच पाण्यात आणि एकाच आंचेवर शिजलेली असतात. वर्गाचे तसे नाही. आमच्या वर्गात मराठी घरचा मुलगा आहे, कन्नड घरचा आहे, कोकणी बोलणारी मुलगी आहे आणि आमच्यासारखी घरी दखनी बोलणारी मुलेही आहेत. कोणी न्याहारी करून आलेला असतो, कोणी पहाटे दूध घालून आलेला असतो. साठ मुले म्हणजे साठ पातेली, आणि प्रत्येकाखालची चूल निराळी. असे असता आम्ही मास्तर लोक काय करतो? फळ्यावर उदाहरण सोडवतो, खडू खाली ठेवतो आणि वर्गाकडे वळून विचारतो, “समजले का?” पहिल्या बाकावरून चारपाच कंठ म्हणतात, “होऽऽ.” मागचे बाक त्यांत आपला सूर मिसळतात. आम्ही समाधानाने पुढचे उदाहरण घेतो. म्हणजे पहिल्या बाकावरची चार शिते दाबून आम्ही साठ पातेली उतरवून ठेवतो.

हे आम्ही इतरांस दोष देण्यासाठी सांगत नाही. आम्ही स्वतः बारा वर्षे हेच केले. कोठे थांबलो, ते आता सांगतो.

सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेव्हा आम्ही जेथे होतो ती. आठवीच्या वर्गात एका विणकराचा मुलगा होता. तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसे. दंगा नाही, गैरहजेरी नाही, वही स्वच्छ. ‘समजले का’ म्हटले की ‘हो’ म्हणणाऱ्यांत त्याचाही आवाज असे. वर्षअखेर तपासणीची तारीख आली, आणि आमच्या एफ. ए.च्या नोंदी निम्म्या कोऱ्या. मग काय केले, ते येथे बसलेल्या शिक्षकबंधूंना सांगावयास नको. रात्री अकरापर्यंत बसून रकाने भरले. कोणास काय द्यावे? दंगेखोरास ‘ब’, अगदीच ढ त्यास ‘क’, आणि शांत मुलास ‘अ’. त्या मुलास ‘अ’ मिळाला. तपासनीसांनी नोंदवही पाहून शेरा दिला, ‘उत्तम’.

आठवीपर्यंत कोणास मागे ठेवावयाचे नाही, असा २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १६ व्या कलमाचा तेव्हा दंडक होता. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात मुलाच्या आकलनाचे व्यापक आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन करावे असे आहे. एक कलम म्हणते, मुलाला अडवू नका. दुसरे म्हणते, रोज पाहत राहा. आम्ही पहिले कलम पाळले आणि दुसऱ्याचे रकाने भरले. पुढे २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवीत व आठवीत परीक्षा घेण्याची आणि अनुत्तीर्णास मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. पुष्कळ पालकांना त्याचा आनंद झाला. आमचे मत निराळे आहे. ज्याला चुलीपुढे उभे राहावयाचे नाही त्याने पाहुण्यांची संख्या वाढवून भात सुधारत नाही. असो.

तो मुलगा नववीत गणितात आणि आणखी दोन विषयांत नापास झाला. जूनमध्ये त्याची आई दाखला न्यावयास आली. हातात दोन्ही वर्षांची प्रगतिपुस्तके. ती रागावली असती तर बरे वाटले असते. ती खरोखरच समजून घेण्यासाठी विचारीत होती: “सर, तुमीच अ लिवून दिलासा, आनि आता नापास म्हनतासा. ह्यातलं खरं कंचं?”

आम्ही काहीतरी उत्तर दिले. नववीचा अभ्यास अवघड असतो, असे काहीसे. ती ‘बरं’ म्हणून गेली. मुलगा त्याच आठवड्यात वडगावात मागावर जाऊ लागला.

त्यानंतर आम्ही त्याच्या जुन्या वह्या काढून पाहिल्या. ४०२ वजा १७८, उत्तर ३७६. पान उलटावे तो दुसरे तसेच. वर आमच्याच हातची लाल फुली, आणि शेजारी ‘लक्ष दे’ असा शेरा. बंधुभगिनींनो, त्या मुलाचे लक्ष पुरते होते. तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत होता: आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेले सात, चारातून एक गेला तीन. त्याचा नियम पक्का होता आणि तो नियमाने चुकत होता. तिसरी-चौथीत केव्हातरी ‘लहानातून मोठा जात नाही’ असे कोणी त्याला सांगितले असावे, आणि आज्ञाधारक मुलाने ते मनावर घेतले असावे. आठवीत आम्ही बीजगणित शिकवीत होतो, आणि हा मुलगा चौथीतला तो अडसर पाठीवर घेऊन बसला होता. आम्ही त्याला ‘अ’ दिला होता.

(जाता जाता एक गंमत सांगू. ‘वजा’ आणि ‘बाकी’ हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले. आमच्या घरच्या बोलीत ते रोजचे. पण घरात ‘बाकी’ कळणाऱ्या मुलालाही वर्गात वजाबाकी अडते, हे आम्ही स्वतःवरूनही सांगू शकतो.)

आता हेच उदाहरण दुसऱ्या दोन मुलांनी सोडविले असे समजा. एकाचे उत्तर येते २३४. त्याला हातचा घेणे कळते, पण मध्ये शून्य आले की तेथून एक पुढे दिल्यावर दहाचे नऊ होतात हे तो विसरतो. दुसऱ्याचे येते ३२४. त्याने शून्याचे नऊ बरोबर केले, पण ज्या चारातून ते आले त्या चाराचे तीन करावयाचे राहिले. खरे उत्तर २२४. तिन्ही वह्यांवर आमची फुली सारखी, गुण सारखे, शून्य. रोग मात्र तीन. एकाला अगदी मुळापासून, दशकाच्या जुड्या हातात देऊन, पुन्हा शिकविले पाहिजे. दुसऱ्याला दहा रुपयांची नोट मोडून दाखवली की पुरे. तिसऱ्याला नुसते ‘चाराचे काय झाले?’ विचारले तरी तो जीभ चावतो. तिघांना एकच औषध, म्हणजे ‘आणखी दहा उदाहरणे सोडवून आण’, देणारा वैद्य तुम्ही दारात उभा कराल काय? पहिल्या मुलाला ती दहा उदाहरणे दिल्याने एवढेच होते की त्याची चूक दहापट पक्की होते.

या विचारामागे मोठी परंपरा आहे, ती थोडक्यात सांगतो. या दोन परीक्षांना दोन वेगळी इंग्रजी नावे दिली मायकेल स्क्रिव्हन यांनी, १९६७ साली. ते अभ्यासक्रमांच्या परीक्षणाविषयी लिहीत होते. ती कल्पना वर्गात आणली अमेरिकेतील बेंजामिन ब्लूम यांनी. १९७१ साली हेस्टिंग्ज व मॅडॉस यांच्यासह त्यांनी त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. हेच ब्लूम त्यापूर्वी, १९५७ साली, परीक्षासुधारणेच्या कामासाठी भारतात येऊन गेले होते, हे फार थोड्यांना माहीत असते. आपल्याकडेही मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये आणि कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये हेच सांगितले की, मूल्यमापन शिक्षणापासून वेगळे काढता येत नाही आणि ते सतत चालले पाहिजे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे तर आपल्या शेजारचे, कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. पुढे १९९८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातील पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांनी सुमारे अडीचशे अभ्यास एकत्र वाचून दाखविले की, शिक्षकाने मुलाच्या उत्तराप्रमाणे आपले शिकवणे बदलले तर शिकण्यात चांगली वाढ होते, आणि मागे पडलेल्या मुलांना तिचा लाभ अधिक होतो. या सर्वांत आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो एक शब्द, ‘बदलले तर’. शीत दाबले, कच्चे लागले, आणि तरी पातेले उतरवले, तर शीत दाबण्याचा खटाटोप कशासाठी? एफ. ए.चे गुण नोंदवहीत गेले आणि उद्याचा पाठ होता तसाच राहिला, तर ती एक लहान वार्षिक परीक्षाच झाली.

मग प्रत्यक्ष वर्गात काय करावे? आम्ही काय करतो ते सांगतो. यातले आमच्या डोक्यातून निघालेले फार थोडे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पाटी. होय, तीच, आपल्या लहानपणची. परदेशांत आता मुलांच्या हातात लहान पांढरे फळे देतात आणि त्याचे मोठे कौतुक होते. आम्ही जुन्या बाजारातून पाट्या आणल्या. प्रश्न विचारावयाचा, मिनिटभर थांबावयाचे, आणि म्हणावयाचे, “पाट्या वर!” साठ उत्तरे एका नजरेत दिसतात. हात वर करणाऱ्यालाच विचारण्याची पद्धत आम्ही सोडली, कारण हात वर करणारा आम्हांस काही नवीन सांगत नाही. त्याला येते म्हणूनच त्याचा हात वर असतो. पहिल्या दिवशी अपूर्णांकांचा सोपासा प्रश्न विचारला, आणि साठ पाट्यांपैकी निम्म्याहून अधिक चुकीच्या पाहून आम्ही खरोखर खुर्चीवर बसलो. आदल्याच दिवशी त्या वर्गाने एकमुखाने ‘होऽऽ’ म्हटले होते.

पण पाटीवर काय विचारावे याला फार विचार लागतो, आणि खरे कौशल्य तेथेच आहे. दशांश अपूर्णांकाचे उदाहरण घ्या. ०.३ आणि ०.२५ यांत मोठा कोणता? पुष्कळ मुले ०.२५ म्हणतात, कारण पंचवीस तिनापेक्षा मोठे. बरोबर उत्तर देणाऱ्यांस आपण शाबासकी देतो. पण त्यांतही काही मुले अशी असतात की त्यांनी मनाशी उलटा नियम बांधलेला असतो: दशांशात शतांश लहान, म्हणून ज्याचे आकडे कमी तो मोठा. त्यांचे उत्तर बरोबर आणि कारण चूक. म्हणून लागलीच दुसरा प्रश्न: ०.४ आणि ०.६२ यांत मोठा कोणता? आता हीच मुले ०.४ लिहितात, आणि मघाशी चुकलेली मुले ०.६२ लिहून बरोबर येतात. दोन्ही प्रश्नांना बरोबर पाटी ज्याची, त्याच्याविषयी आपण थोडे निश्चिंत व्हावे. असे दोन प्रश्न रात्री घरी बसून शोधण्यास आम्हांस कधीकधी अर्धा तास लागतो. टाचणवहीत त्यासाठी रकाना नाही, म्हणून आम्ही ते समासात लिहितो.

दुसरी गोष्ट थांबण्याची. अमेरिकेतील मेरी बड रो या बाईंनी १९७० च्या सुमारास वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून घड्याळ लावून ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतो, असे त्यांना दिसले. तीन सेकंद किंवा त्याहून थोडे अधिक थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काही तप नव्हे. पण वर्गापुढे उभे राहून गप्प बसून पाहा, ते तीन सेकंद फार लांब वाटतात. आम्ही टेबलाखाली बोटे मोजतो. ज्याला घरची दखनी किंवा कन्नड सोडून मराठीत उत्तर जुळवायचे आहे त्या मुलाला हे तीन सेकंद किती लागतात, ते आम्हांस ठाऊक आहे. लहानपणी आमचे उत्तर तयार होई तेव्हा मास्तर पुढच्या प्रश्नावर पोचलेले असत.

तिसरी गोष्ट गुणांची, आणि येथे पालकमंडळींशी आमचा थोडा झगडा आहे. रुथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना कामाबद्दल केवळ गुण दिले, काहींना केवळ सूचना, आणि काहींना दोन्ही. सुधारणा झाली ती केवळ सूचना मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुले केवळ गुणवाल्यांसारखीच राहिली. आकडा दिसला की सूचना कोण वाचतो? हे वाचून आम्ही महिनाभर गृहपाठाच्या वह्यांवर गुण देणे बंद केले, आणि त्याऐवजी एकेक ओळ लिहू लागलो: ‘दुसऱ्या पायरीत चिन्ह कोठे गेले?’, ‘चित्र काढून पुन्हा पाहा’. दुसऱ्याच आठवड्यात एक गृहस्थ वही घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. तक्रार अशी की, सर वह्या तपासतच नाहीत, नुसते काहीबाही लिहितात. ते गृहस्थ सद्भावनेचे होते, आणि आज ते सभागृहातही असतील. त्यांनी रागावू नये. आता आम्ही घटकचाचणीला गुण देतो आणि रोजच्या वहीला देत नाही.

चौथी एक लहान युक्ती आहे. तासाच्या शेवटी प्रत्येक मुलाने चिठ्ठीवर एक उदाहरण सोडवून किंवा ‘आज हे अडले’ असे लिहून दारात आमच्या हाती द्यावयाची. रात्री तिचे तीन गठ्ठे होतात: आले, अर्धे आले, अडले. दहा मिनिटांचे काम. आमच्या घरी थट्टा होते की सर चिठ्ठ्या टाकून भविष्य पाहतात. खोटे नाही, उद्याचा तास कोठून सुरू करावयाचा, एवढे भविष्य त्यांत असते.

हे सर्व ऐकून शिक्षकबंधू विचारतील, आणि शिक्षकखोलीत रोज विचारतातच, “मग पोर्शन कोण संपवणार?” प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्षी आम्ही दोन धडे मागे पडलो, आणि मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. त्या वर्षी निकालही काही आकाशाला भिडला नाही. दुसऱ्या वर्षापासून मात्र मागचे पक्के असल्याने पुढचे धडे भरभर होऊ लागले, आणि पोर्शन फेब्रुवारीत कसाबसा आटोपला. साठांच्या वर्गात हे करणे कठीण आहे, आणि नोंदींचे कागद वाढवून सरकारने ते अधिक कठीण केले आहे. रोज पाहणे आणि रोज लिहिणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कागद आखणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. आम्हांस निवड करावयास सांगितली तर आम्ही पाहू आणि थोडे लिहू.

ही रीत नवी नाही, हे आम्ही आमच्या लहानपणावरूनही सांगतो. पहाटे मशिदीतल्या मकतबात आम्ही उस्तादजींपुढे बसत असू. तेथे वर्गाला एकत्र शिकविणे नव्हतेच. एकेक मूल पुढे जाई, अक्षरावर बोट ठेवून आपला धडा म्हणून दाखवी. चुकले की तेथेच थांबविणे, तेथेच दुरुस्ती, आणि धडा पक्का झाल्यावाचून पुढचा नाही. कुराण तोंडपाठ करणाऱ्या थोरल्या मुलांचा पाठ तर तीन प्रकारचा असे: आजचा नवा तो सबक, गेल्या काही दिवसांतला तो सबकी, आणि फार मागचा ती मंझिल; तिन्ही रोज ऐकवावयाचे. मागचे विसरले तर नवे मिळत नसे, आणि मागे राहण्यात कोणास लाजही वाटत नसे, कारण प्रत्येकाचे पान निराळे. अर्थ समजला काय, हे मात्र तेथे कोणी फारसे विचारीत नसे. ती उणीव आम्ही झाकत नाही. आणि उस्तादजींची छडीही आमच्या स्मरणात आहे. पण साठ मुलांस एका हाकेत ‘समजले का’ विचारून ते कधी उठून गेले नाहीत.

तो विणकराचा मुलगा आता बाप्या झाला आहे. दोन वर्षांपूर्वी वडगावात एका ओळखीच्या घरी गेलो असता शेजारच्या छपरातून धावत आला, चहा पाजल्याखेरीज सोडीना. यंत्रमागांचा खडखडाट एवढा की बोलणे ऐकू येईना. बोलता बोलता त्याची नजर एकाएकी वळली, तो उठला, माग बंद केला, वाकून एक धागा शोधला, गाठ मारली आणि पुन्हा सुरू केला. आम्हांस त्या हजारो धाग्यांत काहीच वेगळे दिसले नव्हते. आम्ही विचारले, हे तुला इतक्या लांबून कसे दिसले? तो म्हणाला, “बघतच ऱ्हावं लागतंय, सर. तुटल्याला तसाच सोडला तर गजभर पुढं गेल्यावर दिसतंय, मग काय उपेग न्हाई.” त्याने ते सहज म्हटले. आमच्या हातातला चहा मात्र निवून गेला.

आता संस्थेपाशी आणि आपणा सर्वांपाशी दोनचार मागणी आहेत, त्या सांगून बसतो.

पालकांनी घरी आल्यावर मुलाला ‘किती पडले?’ हे जरूर विचारावे. ते न विचारण्याइतका संयम आम्हांसही नाही. पण त्याआधी ‘आज काय चुकले?’ असे विचारावे, आणि त्याने सांगितलेली चूक ऐकून हसू नये, रागावू नये. आपणांस गणित येत नसले तरी चालेल. ‘मला शिकव’ म्हणून समोर बसावे. शिकवता शिकवता मुलगा जेथे अडखळेल तेथेच त्याची कणी आहे, आणि ती दुसऱ्या दिवशी शिक्षकाला येऊन सांगावी. आमच्या वर्गातील एका मुलीची आजी निरक्षर आहे. ती रोज नातीकडून पाढे आणि उदाहरणे ‘शिकते’. त्या मुलीचे गणित वर्गात सर्वांत स्वच्छ आहे.

संस्था दरवर्षी गुणपत्रके पाहून शिष्यवृत्ती देते. ती चालू राहावी. पण ज्या मुलाच्या गुणपत्रकावर आकडा कमी आहे त्याचा अर्ज आज पहिल्याच चाळणीत बाजूस पडतो. अशांपैकी निदान काहींना बोलावून, त्यांच्या वह्या मागवून, कोणी जाणत्या शिक्षकाने अर्धा तास समोर बसावे, आणि ते कोठे अडले आहेत एवढे लिहून समितीपुढे ठेवावे. त्या कामास आमचे रविवार आम्ही देतो. आणखी दोन शिक्षकांनी होकार कळविला आहे.

आणि अभ्यासिकेसाठी नवे संगणक घेण्याचा ठराव झाला आहे, असे आम्ही ऐकतो. ते अवश्य घ्यावेत. परंतु त्याच खर्चात साठ पाट्या, पाटीवरच्या पेन्सिलींचे काही खोके आणि पुसण्यासाठी जुनी फडकी एवढे बसविता आले तर पाहावे. फडकी आम्ही घरून आणू.